मदत हवी आहे: फॉर्मालिनमधल्या बेडकांचा डीएनए

सोलापूरच्या माळरानावरचे, जमिनीत पुरून राहणारे जुने स्फेरोथेका बेडूक आमच्या विभागात बरणीत आहेत. आधी फॉर्मालिन, नंतर अल्कोहोल. २०१७ मध्ये स्फेरोथेका पश्चिमा या नव्या जातीचं वर्णन झाल्यापासून बरणीवरच्या ‘ब्रेव्हिसेप्स’ या आधीच्या जातीच्या लेबलवर विसंबता येत नाही. बाहेरून तर सगळे सारखेच गोल गरगरीत!

मांडीचा स्नायू बफरमध्ये भरपूर धुतला, प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं विकर) घालून ५५ अंशांवर रात्रभर ठेवला, मग कॉलम किटने डीएनए वेगळा केला. पण पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून) पाहिलं, तर १६एस या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाच्या नेहमीच्या प्राइमरांनी (तुकडा साधारण ५५० बेसपेअर, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) जेलवर पट्टी येत नाही. टेम्प्लेट (काढलेला डीएनए) दहापट पातळ केलं, पीसीआरमधले अडथळे कमी करणारं बीएसए प्रथिन घातलं, तरी नाही. थेट अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या बेडकाची पट्टी मात्र त्याच जेलवर ठसठशीत, म्हणजे पीसीआर ठीक आहे. फॉर्मालिनने डीएनए तुटलाय हाच संशय.

नवे बेडूक पकडण्याचा सल्ला नको, प्रश्न याच नमुन्यांच्या ओळखीचा आहे. यकृताचा छोटा तुकडा घेता येईल. एकेक तुकडा वाचणाऱ्या सँगर पद्धतीपलीकडचं सिक्वेन्सिंग खिशाला परवडणारं नाही.

गरम अल्कलीने पेशी फोडायची पद्धत बेडकांवर कुणी वापरली आहे का? आणि १५०-२०० बेसपेअरचाच तुकडा मिळाला, तर १६एसचा कोणता भाग घेतल्यास स्फेरोथेकाच्या जाती वेगळ्या ओळखता येतील?