जुन्या चिऱ्याच्या घराला बाहेरून कोणता रंग द्यावा?

कुळागरवाली
नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याजवळ आमचं सासरचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर चुन्याचा गिलावा, मंगळुरी कौलं, पुढं सोपो नि अंगणात तुळस. दिवाळीनंतर बाहेरून रंग मारायचाय नि घरात चतुर्थीपासून तोच विषय चाललाय. सासूबाईंना पूर्वीसारखा पिवळाच हवा, दिराने मोबाईलवर कुठलातरी बंगला दाखवून ग्रे नि पांढरा फायनल करून टाकलाय, नवरा 'तुम्ही काय ते ठरवा' म्हणून मोकळा. मला पणजीच्या जुन्या फोंतेन्हास वाड्यातला तो निळा आवडतो पण गावात माडा-पोफळींत कसा दिसेल? पेंटर म्हणतो सगळं खरवडून पुट्टी मारू, वर चांगल्यातलं एक्स्टिरियर इमल्शन. मागची भिंत सावलीत आहे, पावसाळ्यात हिरवीगार होते.

चुनखडी
ताई, शेड कार्ड जरा बाजूला ठेवा नि आधी भिंत बघा. चिरा पाणी पितो, खालून जमिनीची ओल पण वर चढते, नि चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडत राहतो म्हणून ही घरं इतकी टिकली. त्यावर पुट्टी नि प्लॅस्टिकसारखा थर बसवला की ओल आत अडकते, मग एकदोन पावसाळ्यांत फुगे, पोपडे, खाली लोणा. हात फिरवून बघा, पांढरी पूड हाताला लागली तर जुना चुना आहे, त्यावर इमल्शन नीट धरतच नाही.
चुन्यातच रंग कालवून मारा. गेरू, पिवळी माती, लोहाचे ऑक्साइड हे चुन्यात टिकतात, बाजारातला प्रत्येक रंग टिकतोच असं नाही. निळ्यात अल्ट्रामरीन चालतो, प्रशियन ब्लू चुन्यात उडून जातो. म्हणजे तुमच्या सासूबाईंचा पिवळा आपोआप पहिल्या नंबरावर.

पणजीकर
+१ पिवळ्याला. फोंतेन्हासचा निळा तिथे शोभतो कारण गल्ली अरुंद, घरं एकमेकांना चिकटून, शेजारी पिवळं, लाल, मधे खिडक्यांना पांढऱ्या पट्ट्या. एकटं घर हिरव्या झाडीत, वर लाल कौलं, त्यात तसला गडद निळा मला तरी नको वाटेल. खिडक्या-दारांना मारा हवं तर, हौस पण भागेल. (पोर्तुगीज काळात पांढरा फक्त चर्चला, घरांना नाही, असं जुनी माणसं सांगतात.)

एकदाच_खर्च
चुन्याचं सगळं बरोबर आहे हो पण दरवर्षी-दोन वर्षांनी परत मारायला माणूस कोण देणार? आमच्या वाड्यावर तर चुना मारणारा शोधून मिळत नाही, मिळाला तर येतो म्हणतो नि येत नाही. सगळेच गावात राहत नाहीत. आम्ही पुढची भिंत, जिथे मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा झालाय, तिथे इमल्शनच मारलं, टिकलंय.

चुनखडी
सिमेंटचा गिलावा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मारा खुशाल. ताईंच्या घराला चुन्याचा आहे म्हणून बोललो. नि चुना मारायला फार मोठा कारागीर लागत नाही, भिजवलेला चुना गाळून पातळ करायचा, भिंत आधी पाणी मारून ओली करायची, पातळ तीन हात, कडक उन्हात नाही. ओला असताना दिसतो त्यापेक्षा सुकल्यावर खूपच फिका होतो, म्हणून बादलीत बघून घाबरू नका.

माडाखाली
ग्रेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. ग्रे नि पांढऱ्यावर शेवाळ सगळ्यात आधी नि सगळ्यात वाईट दिसतं, त्यात कौलांवरून पडणारं पाणी तांबडी माती उडवतं ती वेगळी. खालचा दोन फुटांचा पट्टा गेरूने घ्या, पूर्वी उगाच नव्हते घेत. नि मागची भिंत रंगाने सुधारणार नाही, पोफळींच्या झावळ्या जरा छाटून ऊन-वारा येऊ द्या, पन्हळ गळत असेल तर ती बघा. आणखी एक, दीर चिरा उघडा ठेवून वार्निश मारू म्हणाले तर ऐकू नका, सध्या ती फॅशन आहे, पण गिलावा चिऱ्याला पावसापासून जपतो.

कुळागरवाली
वार्निशचं आधीच बोलून झालंय हो 😅 हात फिरवला, पूड लागली. मग पिवळी माती नि चुना, खाली गेरूचा पट्टा, खिडक्या निळ्या. दिराला कसं सांगू तेवढं सुचवा.

पणजीकर
सांगू नका. भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारून घ्या, एक ग्रे, एक पिवळा, उन्हाच्या भिंतीवर पण नि सावलीच्या भिंतीवर पण. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, चुना पूर्ण सुकू द्या. दीर स्वतःच बोलतील. नाही बोलले तर सासूबाई आहेतच.

माडाखाली
नि कळीचा चुना आणायला जाताना डोळ्याला गॉगल, हातमोजे घ्या, भिजवताना उकळतो तो. पोरांना लांब ठेवा.