पहिला बेस गिटार: चार तारा की पाच, आणि पैसे नेमके कुठे घालायचे?

खर्जातला_पंचम (धागाकर्ता)

बेस शिकायला निघालेल्या माणसाला दुकानात तीन गोष्टी आग्रहाने दाखवतात: पाचवी तार, बॅटरीवर चालणारं ॲक्टिव्ह सर्किट आणि चकचकीत लाकूड. पहिल्या बेसला यातलं काहीही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. चार तारा (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी), पॅसिव्ह म्हणजे बॅटरीविना सर्किट, ३४ इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. आणि एकूण पैशांपैकी निदान चौथा हिस्सा बेस सोडून इतर गोष्टींसाठी राखून ठेवा.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, तेव्हा त्यात चार तारा, एक पिकअप (तारेच्या कंपाचा विजेचा संकेत करणारा भाग), एक व्हॉल्यूम आणि एक टोन एवढंच होतं. १९५७ मध्ये पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. १९६० मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस आला. आज नवशिक्यांसाठी टांगलेले बहुतेक बेस या दोघांच्या घराण्यातले असतात, नाहीतर दोन्हींचा संकर, ज्याला पीजे म्हणतात. आजच्या प्रिसिजनचा नेक (लांब दांडा) नटपाशी (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) साधारण ४१ मिलिमीटर रुंद, जॅझचा ३८. आकडा किरकोळ दिसतो, पण पंजा लहान असेल तर हा फरक दुकानात पहिल्या मिनिटाला कळतो. स्क्वायरचा (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) ॲफिनिटी पीजे किंवा यामाहाचा टीआरबीएक्स १७४ हे दोन्ही चार तारांचे, पॅसिव्ह आणि पीजे. सुरुवात इथून करावी.

समजा हातात २५ हजार आहेत. पंचविसाचा बेस घेऊ नका, अठरापर्यंतचा घ्या. उरलेल्यात सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर नीट लावून घेणं), नव्या तारा, धड केबल, रुंद पट्टा, ट्यूनर आणि आवाज ऐकायची सोय बसवा. महागडा पण सेटअप न केलेला बेस हा स्वस्त पण नीट लावलेल्या बेसपेक्षा वाजवायला अवघड असतो, आणि नवशिक्याला दोष वाद्याचा की बोटांचा हे ओळखता येत नाही.

सेटअपचा क्रम चुकवू नका. आधी नव्या तारा लावून सुरात आणा. मग नेकचा बाक पाहा: ई तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आणि बॉडीला नेक मिळतो तिथल्या फ्रेटवर, अशी एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. मग सॅडल (बॉडीवर तार टेकते तो तुकडा) वर-खाली करून सतराव्या फ्रेटवर तारांची उंची २ ते २.५ मिलिमीटर करा, ई तार थोडी वर, जी तार थोडी खाली. सर्वांत शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर एक यायला हवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरता असेल तर नेककडे सरकवा.

---

मंद्र_सप्तक

सेटअपबद्दल एक शब्दही खोडण्यासारखा नाही. पाचव्या तारेबद्दल मात्र पूर्ण असहमत.

आपल्याकडे नवा बेसवादक बहुतेकदा गायकामागे उभा राहणार. ऑर्केस्ट्रा असो, सुगम संगीताचा कार्यक्रम असो, पट्टी गायक ठरवतो. गायक म्हणाला काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), तर षड्ज सी शार्प. चार तारी बेसवर सगळ्यात खालचा सी शार्प ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ६९ हर्ट्झ. त्याखालचा सी शार्प वाद्यात नाहीच, कारण मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर संपते. पाच तारी बेसवर तो बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर सापडतो, ३४.६ हर्ट्झ. काळी दोन असेल तर बी तारेचा चौथा फ्रेट. कीबोर्डवर बांधलेल्या आजच्या गाण्यांत सिंथचा बेस सर्रास ईच्या खाली उतरतो, आणि चार तारी वाजवणाऱ्याला ती ओळ एक सप्तक वर उचलावी लागते. गाण्याचा पायाच वर सरकतो.

दुसरा मुद्दा हाताचा. ई, एफ, एफ शार्प आणि जी हे खालचे सूर पाचव्या ते आठव्या फ्रेटवर, हात न हलवता, बी तारेवर मिळतात. तिथे फ्रेट जवळजवळ आहेत, त्यामुळे नवशिक्याला उलट सोपं जातं. आणि दोन वर्षं चार तारांवर अंगठ्याची जागा पक्की झाली की ती मोडून पुन्हा शिकावी लागते. जे शेवटी वाजवायचं आहे, तेच पहिल्या दिवशी हातात का देऊ नये?

---

खर्जातला_पंचम

पट्टीचा मुद्दा रास्त आहे. तरी तीन अडचणी राहतात.

पहिली: बी तार ३०.९ हर्ट्झची. स्वस्त बेसवर ३४ इंची लांबीत ती सैल पडते. १२५ किंवा १३० गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी) जाड तार असूनही सूर लागल्यावर आधी चढतो, मग बसतो. म्हणूनच बरेच चांगले पाच तारी बेस ३५ इंची बनवतात. ते या बजेटमध्ये सहसा येत नाहीत.

दुसरी: न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं. बेसमध्ये निम्मं कौशल्य हेच आहे. चार तारांवर अंगठा ई तारेवर टेकवला की काम बरंचसं होतं. पाचवर अंगठा सतत सरकवावा लागतो, नाहीतर बी तार आपोआप घुमत राहते आणि सगळ्या सुरांखाली चिखल होतो.

तिसरी: ३५ हर्ट्झ ऐकवणार कशावर? घरच्या सरावाच्या ॲम्पमधून तो मूळ सूर जवळपास येतच नाही, कानाला त्याच्या वरच्या स्वरांवरून अंदाज येतो. एखाद्याच गाण्यासाठी खाली जायचं असेल तर ई तार दोन अर्धस्वर उतरवून डी करा, ३६.७ हर्ट्झ. कायमचं हवं असेल तर पाच तारी संचातल्या खालच्या चार तारा लावून बी-ई-ए-डी करता येतं. त्यासाठी नटच्या खाचा कारागिराकडून रुंद करून घ्याव्या लागतात आणि ट्रस रॉड पुन्हा लावावा लागतो.

---

आखूड_पल्ला

चार-पाचचा वाद चालू दे. माझी हरकत “३४ इंची” या शब्दावर आहे.

३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत बोटं पसरायची तर १३० मिलिमीटर. ३० इंची स्केलवर हेच अंतर ११४. तीच तार, तोच सूर, पण लांबी ३० इंच असेल तर ताण सुमारे २२ टक्के कमी. दहा-बारा वर्षांच्या मुलांना, लहान पंज्याच्या कुणालाही हा फरक म्हणजे वाजवणं आणि सोडून देणं यांतला फरक ठरू शकतो. मनगट वाकवून ताणत राहिलं की दुखापत होते, जिद्दीने ती टळत नाही.

आखूड स्केल म्हणजे खेळणं, हा गैरसमज दुकानदारांनीही जपला आहे. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर आखूड स्केलचा. क्रीम या रॉक बँडमधल्या जॅक ब्रूसचा गिब्सन ईबी-३ ही तसाच. फेंडरने मस्टँग बेस १९६६ मध्ये ३० इंचांत काढला. आज स्क्वायरचा ब्रॉन्को ३० इंची आहे, आयबानेझचा मिक्रो तर २८.६ इंची.

घेताना दोन गोष्टी सांभाळा. तारा “शॉर्ट स्केल” लिहिलेल्याच घ्या. लांब स्केलची तार कापून लावली की तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो, तिथे पीळ सुटतो आणि तार मुकी होते. आणि ई तार ढिली वाटली तर एक गेज जाड लावा.

---

ठेका_चार_चार

आखूड स्केलला विरोध नाही, पण १३० मिलिमीटरचं गणित अर्धवट आहे. खालच्या फ्रेटांवर चार बोटं चार फ्रेटांवर पसरायला सांगतं कोण? उभ्या डबल बेसची जुनी रीत आहे: पहिलं बोट, दुसरं बोट, आणि तिसऱ्या-चौथ्याची जोडी. तीन फ्रेटच पकडायचे, चौथ्यासाठी हात सरकवायचा. या रीतीने पहिला ते तिसरा फ्रेट म्हणजे ३४ इंची बेसवरही फक्त ८९ मिलिमीटर.

आणि सराव पाचव्या फ्रेटपासून सुरू करा. पाचवा ते आठवा हे अंतर लांब स्केलवर १०३ मिलिमीटर आहे, म्हणजे तुमच्या आखूड बेसच्या पहिल्या चार फ्रेटांपेक्षाही कमी. एक-दोन महिने तिथे वाजवून मग खाली यावं. लहान मुलांसाठी आखूड स्केल हवाच, ते मान्य. मोठ्यांनी आधी बोटांची रीत तपासावी, मग स्केल बदलावं.

शिवाय आखूड संच प्रत्येक गावात मिळत नाही. मुंबईत धोबीतलावला मिळेल, तालुक्याच्या दुकानात ४५ ते १०५ गेजचा लांब संच तरी मिळाला तर नशीब.

---

सोल्डरवाला

सगळे बेसवर बोलताहेत, आवाज कुठून येणार यावर कुणी नाही. पहिल्या वर्षात नासधूस इथेच होते.

गिटारच्या छोट्या ॲम्पमध्ये बेस हळू आवाजात चालतो. आवाज वाढवला की स्पीकरचा कोन त्याच्या मर्यादेबाहेर पुढे-मागे फेकला जातो आणि फाटतो. ब्लूटूथ स्पीकर तर नकोच: तार छेडल्यावर आवाज इतका उशिरा येतो की लय धरणं अशक्य. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातला तर पॅसिव्ह बेस मेल्यासारखा वाजतो, कारण त्याच्या पिकअपला फार मोठा इनपुट इम्पीडन्स (विजेच्या संकेताला होणारा रोध) लागतो, सुमारे १० लाख ओहम, आणि माइकचा त्याहून कितीतरी कमी असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हेडफोन ॲम्प किंवा “इन्स्ट्रुमेंट” असं बटण असलेला ऑडिओ इंटरफेस (बेस संगणकाला जोडणारा डबा) घ्यावा. ड्रमसेटबरोबर उभं राहायचा दिवस आला की २०० वॉट आणि त्यापुढचं बघू.

गुणगुण का येते तेही समजून घ्या. जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला तर तो सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) असल्याने ट्यूबलाइट, चार्जर, डिमर यांचा आवाज पकडतो. दोन्ही सारखे उघडले की बहुतेक जॅझ बेसवर तो एकमेकांत कटतो. प्रिसिजनचा दुभंगलेला पिकअप मुळातच गुणगुण काढून टाकतो. जुन्या वायरिंगच्या घरात, जिथे अर्थिंगची खात्री नाही, तिथे माझी पसंती पी किंवा पीजेला. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मात्र करून घ्याच, तो जिवाचा प्रश्न आहे.

ॲक्टिव्हबद्दल धागाकर्त्याशी थोडा मतभेद. सर्किट वाईट नसतं, सवय वाईट असते. केबल बेसमध्ये घातली की ९ व्होल्टची बॅटरी चालू होते. ॲम्प बंद करून केबल तशीच ठेवली तर बॅटरी संपत राहते, आणि कार्यक्रमात आवाज आधी फाटतो, मग जातो. वाजवून झालं की केबल उपटा, जास्तीची बॅटरी पिशवीत ठेवा. एवढं पाळणाऱ्याला ॲक्टिव्ह चालेल.

---

शिसवी_फ्रेटबोर्ड

त्याच अठरा हजारांत वापरलेला बेस एक पायरी वरचा मिळतो. बघायचं काय ते मात्र माहीत हवं.

हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) नेकवर डोळा लावून पाहा. हलका बाक चालतो. पीळ दिसला, म्हणजे एक कड सरळ आणि दुसरी वळलेली, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, तो नेहमीच्या सेटअपने सुटत नाही. ट्रस रॉड आधीच पूर्ण आवळलेला असेल तर पुढे जागा उरलेली नाही. ॲम्प न लावता प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, २० फ्रेटच्या बेसवर ८० सूर होतात, पाच मिनिटांचं काम. घरघर पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरच येत असेल तर नेक उलटा वाकलाय. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल तर नटच्या खाचा खोल गेल्यात. एकाच फ्रेटवर येत असेल तर पुढचा फ्रेट उचललेला. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी सूर पटकन विझतो का तेही ऐका. फेंडर पद्धतीच्या नेकमध्ये ही मुकी जागा बऱ्याचदा असते. थोडी असेल तर चालवून घ्या. पॉट (व्हॉल्यूम-टोनची फिरकी) फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याचं काम आहे.

पट्टा लावून दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे गेला तर डावा हात आयुष्यभर नेक उचलत राहील. रुंद, आतून खडबडीत पट्ट्याने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

आणि पाऊस. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, नेकचा बाक बदलतो. मे महिन्यात केलेला सेटअप ऑगस्टमध्ये टिकेलच असं नाही. पावसाळा लागल्यावर आणि थंडी पडल्यावर असा वर्षातून दोनदा बाक मोजा. दर वेळी वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने खालूनही पुसा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. घामाचे हात आणि खारी हवा मिळून नव्या तारा महिन्याभरात काळ्या करतात. विदर्भात उलटं: उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटांची टोकं बोटाला टोचतात. शिसवीच्या उघड्या फ्रेटबोर्डला लिंबूतेल लावा, पण अगदी थोडं आणि वर्षातून एकदोनदाच.

---

मंद्र_सप्तक

सोल्डरवाल्यांचं वाचून एवढं कबूल करतो: हेडफोनवर एकट्याने शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी बी तारेची उणीव फारशी भासणार नाही. गायकामागे वाजवायचं आधीच ठरलेलं असेल त्याने मात्र पाच तारीच घ्यावा, हे मत कायम.

---

खर्जातला_पंचम

मग ज्याला घ्यायचाच आहे त्याने दुकानात निदान ही एक चाचणी करावी. बी तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ई तार, दोन्ही एकच सूर. एकाच जोराने, एकापाठोपाठ एक वाजवा, पाच-सहा वेळा. बी तारेवरचा ई फुगीर, बोथट किंवा सुरुवातीला चढा लागत असेल आणि मोकळी ई स्वच्छ वाजत असेल, तर तो बेस खाली ठेवा. तसाच चार तारी मागवा.