आमसूल आधी की डाळ आधी?
डाळ शिजत नाही म्हणून नवा कुकर घ्यायला निघालात, पण आमसुलं कधी घालता ते आधी सांगा! मी वर्षभर तूरडाळ, टोमॅटो, आमसुलं सगळं एकदमच कुकरला लावायचे. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ वेगळी, पाणी वेगळं. आंबटामुळे डाळीतलं पेक्टिन, म्हणजे तिच्या पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारा घटक, नीट विरघळत नाही, ती मऊ पडत नाही. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनेही तेच होतं. अशा वेळी अर्धा तास भिजवून आरओच्या पाण्यात लावा. आधी फक्त हळद, हिंग, थेंबभर तेल. चिंच-गूळ, आमसुलं डाळ घोटून झाल्यावर. (डाळ फार जुनी असेल तर मात्र नाइलाज.) सासूबाईंनी एकदा माझा कुकर उघडून पाहिला, आमसूल चमच्याने उचललं आणि नुसत्या हसल्या.