बॅटरीआधी कूलंट बघा

बॅटरी नवी असली की जानेवारीत मनालीला गाडी बिनधास्त न्या, हा सल्ला अर्धाच झाला. बॅटरी बसली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या जंपर केबलवर भागतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, गोठलं तर इंजिनचा ब्लॉकच तडकू शकतो, कारण बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. पुण्या-मुंबईत कूलंटची पातळी उतरली की हाताशी असलेली पाण्याची बाटली ओततात. दोन-चारदा असं झालं की मिश्रण पातळ. इथिलीन ग्लायकॉल (गोठणं रोखणारं रसायन) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत चिंता नाही. मग नुसतं कॉन्सन्ट्रेटच, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट भरू? तेही नको, निव्वळ ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठतं! डब्यावर 'रेडी टू यूज' असेल तर पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यात थेंबभरही पाणी घालू नका. निघण्याआधी इंजिन पूर्ण गार असताना मिश्रण किती थंडीपर्यंत टिकेल ते कूलंट हायड्रोमीटरने तपासा. रबरी फुग्याची पिचकारी असते ती, महाग नाही.

आणि रात्री उघड्यावर हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक शू गोठून चाकातल्या ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.