घरी केलेली कोल्ड ब्रू: तुमचा अनुभव लिहा

एप्रिल लागला की गरम कॉफी नकोशी होते, पण कॉफी काही सुटत नाही. तीन उन्हाळे मी घरीच कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवलेली कॉफी, करतेय. १०० ग्रॅम जाड दळलेली कॉफी, ८०० मिली पाणी, काचेची बरणी, फ्रिजमध्ये १६ तास, मग गाळायची. कृती एवढीच, तरी प्रत्येकाची चव निराळी. तुमची मापं, गाळायच्या युक्त्या लिहा. बिघडली असेल तर आवर्जून लिहा, नवीन करणाऱ्यांना त्याचाच जास्त उपयोग होतो.

*

माझी पहिली बरणी पूर्ण वाया गेली. घरात फिल्टर कॉफीची पूड होती, ३० टक्के चिकोरीवाली. तीच भिजवली. सकाळी बघते तर काळाकुट्ट काढा! पंचातून गाळायला घेतला, अर्धा कप आला आणि मग थेंब पडेना. पिळला तर गाळच खाली उतरला. ती पूड बारीक दळलेली असते, आणि चिकोरी गार पाण्यातही भराभर उतरते. रंग भरपूर, कॉफीची चव मात्र हरवलेली.

पुढच्या खेपेला चिकमगळूरच्या अरेबिका बिया आणल्या. मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून गचके दिले, लापशीच्या रव्याइतकं जाड ठेवलं. आधी चहाची गाळणी, मग ओला करून पिळलेला चौपदरी पंचा. यावेळी अजिबात पिळला नाही, आपोआप गळू दिलं. वीसेक मिनिटं लागली. पेला खिडकीशी धरला तर लालसर, नितळ. इतका आनंद झाला की शेजारच्या काकूंना तसाच नेऊन दाखवला.

*

+१, पंचा पिळायचा नाही. आणि पाणी ओतल्यावर पूड वर तरंगते, आतून कोरडीच राहते. लगेच एकदा ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा.

*

मी अमरावतीची. आमच्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे सांगितलं की अजूनही लोक चकित होतात. एका मे महिन्यात बरणी रात्रभर ओट्यावर ठेवली होती. सकाळी झाकण उघडल्याबरोबर आंबूस वास आला, सगळी ओतून दिली. आमच्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवूच नये. फ्रिजमध्ये अर्क सावकाश उतरतो, म्हणून मी १८ तास देते. एकदा दीड दिवस राहिली, तर लाकूड चघळल्यासारखी लागली.

*

कडू लागत नाही म्हणून संध्याकाळी साडेसहाला मोठा पेला भरून प्यायलो आणि रात्री दोनपर्यंत टक्क जागा. १:४ मापाचा (एक भाग कॉफी, चार भाग पाणी) दाट अर्क होता, त्यात पाणी घालायचं असतं हे माहीत नव्हतं. चव सौम्य असली तरी कॅफीन कमी नसतं, हे नव्यांनी लक्षात ठेवावं. आता सकाळीच घेतो, निम्मं पाणी घालून.

*

झाकण घट्ट लावा. आमच्या फ्रिजात शेजारी फणसाचे गरे होते. चार दिवस फणसाची कॉफी प्यायलो.

*

आई ७४ वर्षांची. गरम कॉफी तिला आंबट लागायची म्हणून बंदच केली होती. ही आंबट लागत नाही म्हणते, रोज न्याहारीनंतर अर्धी वाटी घेते. तिला साखर नको, गूळ हवा. पण गूळ गार कॉफीत तळाशीच बसतो, म्हणून आठवड्याचा पातळ पाक करून ठेवते; वाटीला एक चमचा पुरतो. परवा मी विसरले तर स्वतःच म्हणाली, "अगं, माझी गार कॉफी?"

*

आईंची अर्धी वाटी वाचून फार बरं वाटलं. पाकात गूळ आणि पाणी किती घेता, तेही लिहा ना. आणि अमरावतीकर ताई, चिखलदऱ्याच्या बिया भाजलेल्या मिळतात की कच्च्या? मला एक बरणी त्या बियांची करून बघायचीच आहे.