आक्षेपार्ह उद्गार त्या व्यक्तीचेच आहेत, हे छापण्यापूर्वी कसे ठरवावे?

प्रश्न : संपादिका, सदाशिव पेठ

आमच्या वाचक मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या एका लेखात मॅकॉले, चर्चिल आणि पंडित नेहरू यांच्या तोंडची तीन अत्यंत बोचरी वाक्ये अवतरणचिन्हांत दिलेली आहेत. संदर्भ विचारला असता लेखकांनी ‘हे सर्वांना ठाऊक आहे’ असे सांगितले. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि मला त्यांना दुखवायचे नाही. परंतु जे कोणी उच्चारलेच नाही ते त्याच्या तोंडी घालणे, मग ती व्यक्ती आपल्याला कितीही अप्रिय असो, मला पटत नाही. पडताळणी नेमकी कोठून सुरू करावी?

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, नारायण पेठ

तारखेपासून सुरू करा. ‘मी भारतभर फिरलो, एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडला पाहिजे’ हे मॅकॉलेचे म्हणून फिरणारे भाषण त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केले, असे सांगितले जाते. मॅकॉले १८३४ मध्येच हिंदुस्थानात आला होता आणि त्या दिवशी तो कलकत्त्यात होता. ती तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे आणि त्या टिपणात त्याने खरोखरच असे लिहिले आहे, की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातील एक फडताळ भारत व अरबस्तानच्या समग्र देशी वाङ्मयाच्या तोलाचे आहे. खोटे वाक्य काढल्याने मॅकॉले निर्दोष ठरत नाही, उलट त्याचा खरा तुच्छताभाव त्याच्याच शब्दांत वाचकांसमोर येतो. म्हणून लेखकांना वाक्य गाळायला सांगू नका, बदलायला सांगा.

उत्तर : इतिहासाची प्राध्यापिका, कोथरूड

आपण चर्चिलचे कोणते वाक्य ते लिहिलेले नाही, परंतु बहुधा ‘सत्ता बदमाश आणि लुटारूंच्या हाती जाईल, हवा-पाण्यावरही कर बसेल’ हेच असावे. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत आता संगणकावर तारखेनुसार शोधता येतात आणि त्यांत हा मजकूर मिळत नाही. मात्र ६ मार्च १९४७ च्या चर्चेत, सत्ता ज्यांच्या हाती देत आहोत ती गवताची माणसे असून काही वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार नोंदलेले आहेत. खऱ्या वाक्याभोवती पुढे पुष्कळ भर पडते, ती अशी.

याहून अवघड प्रकार दुसरा आहे. ‘मला भारतीयांचा तिटकारा आहे’ हे चर्चिलचे उद्गार त्याच्या कोणत्याही भाषणात नाहीत. ते भारतमंत्री लिओ एमरी यांच्या सप्टेंबर १९४२ च्या रोजनिशीत आहेत. एमरी समोर होते आणि नोंद त्याच काळातली आहे, त्यामुळे पुरावा भक्कम आहे. तरीही तो ऐकणाऱ्याचा आहे, म्हणून ‘एमरी यांच्या रोजनिशीनुसार’ हे शब्द वाक्यातच हवेत, तळटीपेत नकोत.

आणखी एक विनंती. मराठीत अवतरण देताना मूळ इंग्रजी वाक्य समोर ठेवावे, कारण आपल्याकडे भाषांतरातच धार चढवली जाते. ‘गवताची माणसे’ म्हणजे पोकळ, कुचकामी माणसे; त्याचे ‘हरामखोर’ केले, तर तो अपमान चर्चिलचा राहत नाही, भाषांतरकाराचा होतो.

उत्तर : वाचक, डेक्कन

नेहरूंचे वाक्य ‘शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि अपघाताने हिंदू’ हे असेल, तर ते त्यांच्या १९३६ च्या आत्मचरित्रात नाही. ते वर्णन हिंदुमहासभेचे अध्यक्ष राहिलेले डॉ. ना. भा. खरे यांनी नेहरूंविषयी केलेले आहे. टीकाकाराचे शब्द ज्याच्यावर टीका झाली त्याच्याच तोंडी गेले आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिन्ही वाक्ये आपण ओळखलीत तीच होती. उद्या मॅकॉलेच्या मूळ टिपणाची आणि १९४७ च्या वृत्तांताची छापील प्रत घेऊन मी स्वतः लेखकांच्या घरी जाणार आहे. नेहरूंचे वाक्य खरे यांच्या नावाने ठेवण्यास त्यांची संमती मिळाली, तर लेख याच अंकात जाईल.