मदत हवी आहे : वीज परत आल्यावर वाचनालयाचा वेब सर्व्हर सुरू होत नाही

सर्व जाणकारांना नमस्कार.

गुहागर तालुक्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची मी सांभाळतो. उबुंटू २२.०४ असलेल्या एका डेस्कटॉपवर सूचीचे ॲप चालते, त्याच्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे आणि वाचक वाचनालयाच्या वाय-फायवरून मोबाइलवर पुस्तके शोधतात. जुन्या सूचिकार्डांना दमट हवेने बुरशी लागल्यामुळे ती काढून टाकावी लागली. त्यामुळे सर्व्हर बंद असला की कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे सांगता येत नाही आणि पावसातून चालत आलेल्या वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागते.

पावसाळ्यात वीज गेली की काही तासांत इन्व्हर्टर उतरतो. वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होतो, पण एनजिनएक्स सुरू होत नाही. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' मध्ये 'फेल्ड' एवढेच दिसते. इंटरनेट नसताना हाताने रीस्टार्ट केले तरी तेच होते. इंटरनेट आल्यावर मात्र तो लगेच सुरू होतो आणि 'एनजिनएक्स -टी' ही चाचणीही कॉन्फिगरेशन बिनचूक असल्याचे सांगते.

८० क्रमांकाच्या पोर्टवर दुसरी कोणतीही सर्व्हिस नाही, हे 'एसएस -टीएलएनपी' ने पाहिले आहे. डिस्कवर भरपूर जागा आहे आणि आयनोडही (फाइलींच्या नोंदींच्या जागा) शिल्लक आहेत. 'जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -बी' दिल्यावर मात्र 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' अशी ओळ मिळाली. त्यात ज्या होस्टचे नाव आहे, तेथे पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रे ठेवलेली आहेत आणि केवळ चित्रांच्या मार्गासाठी 'प्रॉक्सी पास' मध्ये (मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्या सूचनेत) ते नाव दिलेले आहे.

एका मार्गाचा होस्ट सापडला नाही म्हणून संपूर्ण सर्व्हर का अडावा? नेटवर्क मिळेपर्यंत सर्व्हिस थांबवून ठेवावी, असा उपाय वाचनात आला; परंतु आमच्याकडे वीज संध्याकाळी येते आणि झाड पडून तुटलेली फायबर जोडायला कधीकधी दोन-तीन दिवस लागतात. सूचीला स्वतःला इंटरनेटची गरजच नाही, तेव्हा तिने त्याची वाट पाहणे मला पटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

तुमचे निदान बरोबर आहे. 'प्रॉक्सी पास' मध्ये होस्टचे नाव थेट लिहिलेले असेल, तर एनजिनएक्स ते सुरू होतानाच सोडवून घेतो, म्हणजे त्या नावाचा आयपी पत्ता शोधतो, आणि पत्ता मिळाला नाही की कॉन्फिगरेशनच सदोष मानून थांबतो. इंटरनेट असताना केलेली चाचणी म्हणूनच यशस्वी होते. 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेटची (नेटवर्क तयार झाल्याचे दर्शवणाऱ्या टप्प्याची) वाट पाहूनही तुमचे काम होणार नाही, कारण संगणकाला राउटरकडून पत्ता मिळाला की ते सहसा पूर्ण होते. बाहेरचे इंटरनेट सुरू आहे की नाही, हे ते पाहत नाही.

होस्टचे नाव 'सेट' ने एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, 'प्रॉक्सी पास' मध्ये ते व्हेरिएबल वापरा आणि 'रिझॉल्व्हर' मध्ये (नावाचा पत्ता कोणाला विचारायचा, ते सांगणाऱ्या सूचनेत) तुमच्या राउटरचा पत्ता द्या. मग नाव सोडवण्याचे काम प्रत्यक्ष चित्राची मागणी येईल तेव्हा होईल. इंटरनेट नसेल तर फक्त चित्रांना ५०२ हा त्रुटी-संकेत मिळेल आणि सूची चालू राहील. 'रिझॉल्व्हर टाइमआउट' मुळात ३० सेकंदांचा असतो, तो २ सेकंदांवर आणा, म्हणजे चित्रांची मागणी उगाच रेंगाळणार नाही. व्हेरिएबल आले की मार्गाचा सुरुवातीचा भाग आपोआप बदलला जात नाही, त्यामुळे तो बदल आवश्यक असल्यास 'रीराइट' (मार्ग बदलणारी सूचना) स्वतंत्रपणे लिहावे लागेल. हा बदल करताना येथेच सर्वाधिक काळजी घ्या.

'/ईटीसी/होस्ट्स' या संगणकातील फाइलमध्ये पत्ता लिहूनही सर्व्हर सुरू होईल, पण चित्रांच्या होस्टचा पत्ता बदलला की चित्रे दिसेनाशी होतील. म्हणून तो उपाय मी सुचवणार नाही.

यापुढे कॉन्फिगरेशन बदलल्यावर रीस्टार्टऐवजी रीलोड वापरत जा. रीलोडच्या वेळी नवीन कॉन्फिगरेशन नाकारले गेले तरी जुने काम सुरूच राहते. रीस्टार्टमध्ये चालू असलेला सर्व्हर आधी बंद होतो. बदल झाल्यावर राउटरची फायबर काढून संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करा आणि त्या वेळचा लॉग येथे द्या.